मोल्सवर्थ कुठला? दुर्मिळ ब्रिटिश आडनावाचा माग काढण्याची रीत

‘मोल्सवर्थमध्ये बघ,’ असं आपण सहज म्हणतो. ते कुणाचं तरी आडनाव आहे हे तेव्हा डोक्यातही नसतं. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. माझ्याकडची प्रत पुण्याच्या शुभदा-सारस्वतनं १९७५ मध्ये काढलेलं पुनर्मुद्रण आहे. तिची शिवण केव्हाच सुटली, म्हणून घाईत असलो की शिकागो विद्यापीठानं ऑनलाइन ठेवलेल्या कोशात शोधतो.

एकदा त्यात ‘वाडी’ बघत होतो. कुंपणातली बागायत आणि शेतकऱ्यांच्या घरांची लहानशी वस्ती, दोन्ही अर्थ तिथे आहेत. पुढे कधीतरी कळलं की साहेबाच्या आडनावातलं शेवटचं ‘वर्थ’ म्हणजे जुन्या इंग्रजीत नेमकं हेच. कुंपण घातलेली जागा आणि तिच्याभोवती वाढलेली वस्ती. म्हणजे आपल्याला वाडीचा अर्थ सांगणारा हा माणूस स्वतःच कुठल्यातरी वाडीकर घराण्यातला. कुठली वाडी, कुणाची, आणि तिथून माणसं कुठे कुठे गेली, हे शोधता शोधता मी या छंदात अडकलो.

त्या शोधाची रीत इथे पायरीपायरीनं मांडतो. उदाहरण मोल्सवर्थचं आहे, पण गावातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या दगडावरचं एखादं नाव असो की इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भाचीच्या नवऱ्याचं आडनाव, वाट तीच. आडनाव दुर्मिळ असलं तर काम सोपं होतं. स्मिथच्या मागे लागाल तर जन्म जाईल. मोल्सवर्थ मात्र इतके थोडे आहेत की सगळेच्या सगळे वहीत उतरवायची हिंमत करता येते.

आधी प्रश्न वेगळे करा

आडनाव कुठलं, या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न असतात. शब्द कुठून आला? तो पहिल्यांदा कुणाला चिकटला? आणि आज तो लावणारी माणसं त्या पहिल्याचीच वंशज आहेत का? पहिल्याचं उत्तर भाषाशास्त्र देतं, दुसऱ्याचं मध्ययुगातल्या करांच्या याद्या, तिसऱ्याचं चर्चची दप्तरं आणि हल्ली डीएनए. पहिल्याचं उत्तर हाती लागलं की तिन्ही सुटले असं समजणं ही या छंदातली सगळ्यात मोठी चूक. ‘तुमच्या आडनावाचा इतिहास आणि कुलचिन्ह’ छापून देणारे विक्रेते याच चुकीवर पोट भरतात. इंग्लंडात कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशात चालतं. फ्रेम करून आलेलं ते चित्र भिंतीवर शोभेल, पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

शोधाला लागण्याआधी एक स्प्रेडशीट उघडा. तारीख, घटना, नाव जसं लिहिलंय तसंच, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला परिसर), काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), सोबतची माणसं, आणि हे कुठे सापडलं. शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो. मीही केला होता, आणि सहा महिन्यांनी चाळीसेक नोंदी पुन्हा शोधत बसलो.

पहिली पायरी: १८८१ चा नकाशा

सुरुवात मध्ययुगातून करायचा मोह होतो. तो आवरा आणि १८८१ च्या जनगणनेपासून सुरू करा. ती पूर्ण उतरवलेली आहे, फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते, आणि त्या काळापर्यंत बरीच दुर्मिळ आडनावं आपल्या मूळ मुलखाच्या आसपास दाटलेली दिसतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या भूगोलाच्या अभ्यासकांनी १८८१ आणि १९९८ या दोन वर्षांचे आडनावांचे नकाशे शेजारीशेजारी दाखवणारी सोय केली, तीही कामाची आहे.

नकाशा वाचताना नुसती डोकी मोजू नका, लोकसंख्येशी प्रमाण काढा. समजा, एखाद्या आडनावाची लंडनमध्ये ६० माणसं आहेत आणि हंटिंग्डनशरमध्ये ६. लंडन दहापट वाटतं. पण १८८१ मध्ये लंडनची वस्ती ३८ लाखांच्या घरात होती आणि हंटिंग्डनशरची जेमतेम ६० हजार. म्हणजे लंडनमध्ये लाखाला दीड माणूस, हंटिंग्डनशरमध्ये लाखाला दहा. मूळ कुठे शोधायचं ते लगेच कळतं. लंडन सगळ्यांनाच ओढून घेतं, आपल्या मुंबईसारखं. मुंबईत कितीही चिपळूणकर सापडले तरी चिपळूण गिरगावात शोधायला कुणी जात नाही.

दुसरी खबरदारी: नकाशावरचा ठिपका म्हणजे मूळ नव्हे. लँकेशरमधल्या रॉचडेलला मोल्सवर्थ सापडतात. कापडगिरण्यांचं गाव, म्हणून मी त्यांना कामगारांची शाखा समजून बसलो होतो. तिथे आलेला होता एक पाद्री. रेव्हरंड जॉन एडवर्ड नासाऊ मोल्सवर्थ १८४० च्या सुमारास रॉचडेलचा व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचा मुख्य पाद्री, झाला आणि १८७७ मध्ये मरेपर्यंत त्याच पदावर राहिला. तो आयर्लंडमधल्या पहिल्या व्हायकाउंट (सरदारकीचा एक किताब) मोल्सवर्थचा पणतू. एका नेमणुकीनं नकाशावर ठिपका उमटला.

दुसरी पायरी: नावाची फोड आणि गाव

आता शब्दाकडे वळा. २०१६ मध्ये ऑक्सफर्डनं ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आडनावांचा चार खंडांचा कोश काढला. ४५ हजारांहून जास्त नोंदी आहेत, आणि जुन्या कोशांपेक्षा तो भरवशाचा, कारण प्रत्येक व्युत्पत्तीखाली त्या नावाची जुनी रूपं सालवार दिलेली असतात. ग्रामनामांसाठी इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे काउंटीवार खंड पाहावेत. बेडफर्डशर आणि हंटिंग्डनशरचा जोडखंड १९२६ चा आहे.

मोल्सवर्थ नावाचं खेडं आजही आहे, हंटिंग्डन शहराच्या वायव्येला साधारण १० मैलांवर. विल्यम राजानं १०८६ मध्ये करून घेतलेल्या डूम्सडे बुकात ते ‘मोल्सवर्द’ असं येतं. अर्थ, मूल नावाच्या माणसाची वाडी. आपल्या पोराबाळांशी या मूलचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत तो शब्द खेचराचा, आणि माणसाचं नाव म्हणूनही चालायचा. केंटचा मूल नावाचा एक राजा होता, त्याला ६८७ मध्ये लोकांनी जाळून मारलं. आपला वाडीवाला मूल म्हणजे तो राजा नव्हे. हा कुणी साधा जमीनदार, ज्याच्या कुंपणाचं नाव पुढे हजार वर्षं टिकलं.

आता आडनाव. ‘कर’ कुणाला लागतो? सावंतवाडीत राहणाऱ्याला सावंतवाडीकर म्हणण्यात मतलब नसतो. तो पुण्याला आला की म्हणतात. इंग्लंडात तेच घडलं. ‘वॉल्टर द मोल्सवर्थ’ म्हणजे मोल्सवर्थचा वॉल्टर. हे नाव पडायला बहुधा माणूस गाव सोडून बाहेर जावा लागे, नाहीतर त्या गावाचा जमीनदार तरी असावा लागे. म्हणून गावावरून आलेल्या आडनावाचा दाट पुंजका खुद्द त्या गावात कमी आणि दहावीस मैलांच्या परिघात जास्त मिळतो. पुढे चौदाव्या शतकात ‘द’ गळतो आणि नाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागतं. दक्षिण आणि पूर्व इंग्लंडात हे १४०० च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर झालं, उत्तरेत त्याहून उशिरा.

या काळासाठी दोन कर उपयोगी पडतात: १३२७ आणि १३३२ च्या जंगम मालमत्तेवरच्या कराच्या याद्या, आणि १३७७, १३७९ व १३८१ चा डोईकर. बऱ्याच काउंट्यांच्या याद्या छापील मिळतात. वॉल्टर द मोल्सवर्थ मात्र याहून आधीचा. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून काही वर्षं तो बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशर या जोड काउंट्यांचा शेरीफ होता. सरदार घराण्यांच्या वंशावळी छापणारी पुस्तकं पुढच्या सगळ्या बड्या मोल्सवर्थांचा धागा त्याच्यापर्यंत नेतात. वाचा, पण स्वतःच्या वहीत पेन्सिलीनं लिहा. मधल्या दोनतीनशे वर्षांतल्या प्रत्येक पिढीला कागद मिळेपर्यंत तो दावाच.

इथे एक खड्डा आहे, आणि तो चुकवला नाही तर पुढचा सगळा हिशेब वाकडा जातो. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरं गाव आहे. त्याची फोड निराळी, टेकडीजवळची वाडी. चेशरमध्ये एखादा मोल्सवर्थ सापडला तर तो हंटिंग्डनशरहून चालत आला असं समजू नका. तो मोल्ड्सवर्थकर असण्याची शक्यता आधी तपासा. आपल्याकडे पिंपळगाव किती आहेत ते आठवा.

तिसरी पायरी: लेखनभेदांची यादी

मराठीतच बघा: मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोल्स्वर्थ, मोलेस्वर्थ. छापखाना, शाळा, सगळं असून ही गत. सतराव्या शतकातला पॅरिश क्लार्क तर कानाला ऐकू आलं तसं लिहायचा. १६३२ मध्ये आपलं आयुष्य पद्यात सांगणारी एक विधवा होऊन गेली, मार्था मौल्सवर्थ. तिसऱ्या नवऱ्याकडून आलेलं हे आडनाव तिच्याकडे ‘ओ’नंतर ‘यू’ घालून लिहिलेलं आहे. नुसतं आजच्या स्पेलिंगनं शोधलंत तर ती हाती लागणार नाही.

म्हणून मोठ्यानं उच्चारून एक यादी करा. मधला ‘ई’ गेलेली रूपं, ‘एल’ दुप्पट झालेली, ‘ओ’च्या जागी ‘ओयू’ किंवा ‘यू’, ‘वर्थ’चं ‘वुर्थ’. मग वाचणाऱ्यांच्या चुका मिळवा. जुन्या हस्ताक्षरात लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, आणि मोठा ‘एम’ हा ‘डब्ल्यू’ म्हणून उतरवला जातो. फॅमिलीसर्चवर कितीही अक्षरांच्या जागी तारका आणि एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह चालतं.

काउंटीच्या संक्षेपातही फसायला होतं. ‘हंट्स’ म्हणजे हंटिंग्डनशर आणि ‘हँट्स’ म्हणजे हॅम्पशर. रोमन लिपीत फरक एका स्वराचा, आणि घाईत लिहिलेल्या दप्तरात तोही दिसत नाही. मी एक अख्खं कुटुंब हॅम्पशरमध्ये नेऊन बसवलं होतं. शंका आली की पॅरिशचं नाव नकाशावर शोधा. काउंटीपेक्षा पॅरिश खरी. शिवाय हंटिंग्डनशर १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये आहे, तेव्हा आजच्या नकाशावर जुनी काउंटी मिळाली नाही तर गोंधळू नका.

गुगलवर शोधताना आणखी कचरा येतो. त्या गावाजवळ दुसऱ्या महायुद्धापासूनचा हवाई तळ आहे आणि १९८० च्या दशकात तिथल्या क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्ध मोठी निदर्शनं झाली. शिवाय याच आडनावाचा एक शाळकरी पोरगा विनोदी पुस्तकांच्या मालिकेत गाजलेला आहे. आडनावासोबत ‘बाप्तिस्मा’ किंवा ‘मृत्युपत्र’ असा शब्द जोडलात की गर्दी ओसरते.

चौथी पायरी: १८३७ पासूनच्या नोंदी, सगळ्याच्या सगळ्या

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ ला सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये १८५५, आयर्लंडमध्ये १८६४, मात्र तिथले प्रॉटेस्टंट विवाह १८४५ पासून. मोल्सवर्थांच्या आयरिश शाखेसाठी हे साल लक्षात ठेवायला हवं. आयर्लंडच्या जुन्या नोंदींच्या प्रती सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत, ही मोठीच मेहेरबानी.

इंग्लंडसाठी फ्रीबीएमडी या फुकट संकेतस्थळावरून या नोंदींची सूची उतरवा. ती तिमाहीची असते आणि ‘मार्च’ म्हणजे जानेवारी ते मार्च. शिवाय तो नोंदणीचा काळ आहे, जन्माचा नव्हे. डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत मिळू शकतं. आईचं माहेरचं आडनाव जुन्या सूचीत १९११ पासूनच दिसतं, पण जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कचेरीनं स्वतः केलेल्या नव्या ऑनलाइन सूचीत ते १८३७ पासून आहे. दुर्मिळ आडनावासाठी हा खजिनाच. एकही दाखला विकत न घेता भावंडांचे गट लावता येतात: बापाचं आडनाव मोल्सवर्थ, आईचं अमुक, जिल्हा एक, मग ही पाच मुलं बहुधा एकाच घरातली. सुरुवातीच्या वर्षांत काही जन्म नोंदलेच गेले नाहीत. नोंद न केल्याबद्दलचा कायदा १८७५ पासून कडक झाला.

मग जनगणना. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत, त्यामुळे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. १८५१ पासून जन्माची पॅरिश मिळू लागते आणि खरी वाट तिथून उघडते. १९२१ पर्यंतच्या खुल्या आहेत. १९३१ ची १९४२ मधल्या आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही, मधली भर १९३९ च्या राष्ट्रीय नोंदवहीनं निघते. आयर्लंडमध्ये हाल वाईट. १९०१ आणि १९११ पूर्ण आहेत, त्याआधीच्या बहुतेक गेल्या. काही सरकारनंच नष्ट केल्या आणि काही १९२२ च्या यादवीत डब्लिनचा दप्तरखाना पेटला त्यात राख झाल्या.

बायकांच्या बाबतीत उलट्या दिशेनं चूक होते. व्हिक्टोरियन काळातली बालसाहित्यकार मिसेस मोल्सवर्थ प्रसिद्ध आहे, पण ती माहेरची स्टुअर्ट, जन्म रॉटरडॅमचा. आडनाव नवऱ्याचं. रॉटरडॅममध्ये मोल्सवर्थांची शाखा शोधत बसू नका.

पाचवी पायरी: चर्चची दप्तरं

१८३७ च्या मागे गेलं की सरकार संपतं आणि देऊळ सुरू होतं. टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमानं १५३८ पासून प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, विवाह आणि दफन लिहून ठेवायचं ठरलं. प्रत्यक्षात बरीच दप्तरं नंतर सुरू होतात. १५९८ पासून दरवर्षी एक नक्कल बिशपकडे जायची, तेव्हा मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल तर ही नक्कल मागा. १६५० च्या दशकात, इंग्लंडमधल्या यादवीनंतर, मोठी गॅप आहे. १७५४ पासून विवाह ठरावीक नमुन्यात, १८१३ पासून बाप्तिस्मे आणि दफनंही छापील फॉर्मवर.

तारखांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. वहीत ‘१० फेब्रुवारी १७००’ असेल तर आपल्या हिशेबानं ते १७०१. मी स्प्रेडशीटमध्ये ‘१७००/०१’ अशी दुहेरी नोंद करतो. हे न केल्यानं एकदा माझ्याकडे लग्नाआधी आठ महिने दफन झालेला नवरा तयार झाला होता.

कुठल्या पॅरिशमध्ये शोधायचं ते पहिल्या पायरीच्या नकाशावरून ठरवा आणि तिथून गोल गोल बाहेर जा. फ्रीरेग हे पॅरिशच्या नोंदींचं संकेतस्थळ फुकट आहे. उतरवलेली नोंद मिळाली की शक्य तिथे मूळ पानाचा फोटो बघायचाच, कारण समासात ‘परगावचा’, ‘भिकारी’, ‘खलाशी’ असे शब्द असतात आणि उतरवणारे ते सोडून देतात. काउंटीचे अभिलेखागार ईमेलला उत्तर देतात. हंटिंग्डनला स्वतंत्र आहे, आणि पुढच्या पायरीत लागणाऱ्या कॉर्नवॉलचं (इंग्लंडचं नैर्ऋत्य टोक) रेडरूथला आहे, क्रेसेन केर्नो नावाचं.

मृत्युपत्रांवर मात्र खरा जीव टाका. १२ जानेवारी १८५८ पासून ती एका देशव्यापी सूचीत आहेत. त्याआधीची चर्चच्या कोर्टांत विखुरलेली, आणि मालदार लोकांची कँटरबरीच्या कोर्टात, जी आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ऑनलाइन मिळतात. बाप्तिस्म्याची नोंद तुम्हाला एक मूल देते. मृत्युपत्र भाचे, जावई, ‘आयर्लंडात गेलेला माझा भाऊ’ असं सगळं गणगोत एका कागदावर देतं. दोन काउंट्यांतल्या शाखा जोडणारा कागद बहुतेक वेळा हाच.

सहावी पायरी: पसरण्याच्या वाटा

इथपर्यंत आलात की पुंजके दिसू लागतात. त्यांना जोडणारे दोरे शोधताना विचारायचा प्रश्न एकच: कुणाच्या हाताला कुठे काम मिळालं?

एलिझाबेथ पहिलीच्या काळात जॉन मोल्सवर्थ हिशेब तपासनिसाच्या सरकारी कामावर कॉर्नवॉलला गेला आणि हेंडरांची मुलगी केली. बॉडमिनजवळचं पेनकॅरो हे त्यांचं ठाणं झालं. पुढच्या पिढ्यांत ‘हेंडर’ हे पहिलं नाव म्हणून येत राहतं. आजोळचं आडनाव मुलाचं नाव म्हणून ठेवायची ही इंग्रजी चाल शोधणाऱ्याला देवासारखी पावते. कुठेही ‘हेंडर मोल्सवर्थ’ दिसला की तो कॉर्नवॉलच्या शाखेतला असं धरून चालायला हरकत नाही. त्यांच्यातल्याच एका हेंडरनं १६८० च्या दशकात जमैकाचा कारभार पाहिला आणि १६८९ मध्ये बॅरोनेट झाला. त्याच वर्षी तो निपुत्रिक वारला आणि किताब भावाकडे गेला. पुढे सेंट ऑबिन घराण्याचा वारसा आला तेव्हा आडनाव जोडलं गेलं, मोल्सवर्थ-सेंट ऑबिन. यादीत जोडआडनावंही घ्या.

जमैकावरून एक गोष्ट सांगायला हवी. हा हेंडर गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला अडत्या होता. कॅरिबियनमध्ये एखादं ब्रिटिश आडनाव मिळालं तर ते रक्तानं आलं, मालकावरून पडलं, की पाद्र्यानं बाप्तिस्म्याच्या वेळी दिलं, हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं. १८१७ नंतरच्या गुलामांच्या नोंदवह्या आणि युनिव्हर्सिटी कॉलेजचा मळेमालकांचा माहितीसाठा तिथे उपयोगी पडतो.

दुसरा दोरा आयर्लंडचा. रॉबर्ट मोल्सवर्थ डब्लिनमध्ये व्यापारी होता. बाप वारला त्याच साली, १६५६ मध्ये, जन्मलेला मुलगा, तोही रॉबर्ट, पुढे डेन्मार्कच्या दरबारी वकील म्हणून गेला, तिथल्या अनियंत्रित राजसत्तेवर टीका करणारं पुस्तक लिहून गाजला, आणि १७१६ मध्ये व्हायकाउंट झाला. त्याची आई बिस घराण्यातली, आणि एका मुलाचं नाव बिस. पुन्हा तीच खूण. दुसरा मुलगा रिचर्ड, ज्यानं १७०६ मध्ये रामिलीच्या रणांगणावर घोड्यावरून पडलेल्या इंग्रज सेनापती मार्लबरोला आपला घोडा दिला.

गावा-रस्त्यांच्या नावांवरून मात्र वंश काढू नका. डब्लिनमध्ये आयर्लंडच्या संसदेच्या दारासमोर मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडच्या संसदेसमोरचा रस्ताही मोल्सवर्थ स्ट्रीट. जगात दोन संसदा एकाच आडनावाच्या रस्त्यावर, आणि दोन्हींचे मोल्सवर्थ वेगळ्या शाखांचे. डब्लिनचा व्हायकाउंटांचा. वेलिंग्टनचा पेनकॅरोच्या सर विल्यमचा, जो तत्त्वज्ञ हॉब्जच्या ग्रंथांचा संपादक आणि १८५५ मध्ये मरणापूर्वी काही महिने वसाहतमंत्री होता. न्यूझीलंडातलं सगळ्यात मोठं कुरण, सुमारे १,८०,००० हेक्टरांचं, त्याचंही नाव मोल्सवर्थ. ते आहे मार्लबरो प्रांतात. घोडा देणाऱ्याला परतफेड मिळाली म्हणायची, योगायोगानं का होईना.

सातवी पायरी: डीएनए, शेवटी

आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि पुरुषांतच असणारं वाय गुणसूत्रही. म्हणून दोन्ही ताडून पाहता येतात. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. स्मिथांमध्ये आपसात साम्य रस्त्यावरच्या कुणाही दोघांइतकंच निघालं. अ‍ॅटनबरोंमध्ये मात्र दहांपैकी जवळजवळ नऊ जण एकाच वाय प्रकाराचे, म्हणजे बहुधा एकाच मूळ पुरुषाचे.

त्याच गटाचा २००७ चा निष्कर्ष आणखी मजेशीर आहे. यॉर्कशरच्या एका दुर्मिळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांत एरवी पश्चिम आफ्रिकेत आढळणारा वाय प्रकार निघाला. कागदांवरून त्यांच्या दोन वंशावळी अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गेल्या आणि तिथे तुटल्या. जोड त्याहूनही मागे असणार. उरलेल्या ११ जणांकडे आडनाव तेच, रक्त निराळं. दत्तक, विवाहबाह्य मूल, सावत्र बापाचं नाव, वारशासाठी बदललेलं आडनाव, कारणं अनेक.

तपासणी करायचीच तर आधी वंशावळ पूर्ण करा, मग प्रत्येक शाखेतले शक्य तितके दूरचे दोन पुरुष निवडा. ते जुळले तर त्यांच्या सामाईक पूर्वजापर्यंतची साखळी टिकली. आणि ज्याची लाळ नळीत घेणार त्याला आधीच स्पष्ट सांगा की नको ते उत्तरही येऊ शकतं. चहा पिता पिता सहज सांगून मोकळं व्हायची ही गोष्ट नाही.

मुंबईकडून

हिंदुस्थानात आलेल्या ब्रिटिशांची नोंद लंडनलाही असते. इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह, दफनांच्या नकला दरवर्षी तिकडे जायच्या. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. बंगालसाठी एन/१, मद्राससाठी एन/२, मुंबईसाठी एन/३. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांच्या इतिहासाची फिबिस नावाची संस्था तिची सूची फुकट शोधू देते. मूळ पानांसाठी पैसे भरावे लागतात, तेव्हा सगळी यादी तयार ठेवून एकच महिन्याची वर्गणी घ्या. इथल्या बाजूनं काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. जायच्या आधी ओळखपत्र आणि परवानगीचं विचारून घ्या.

आपल्याकडे निदान दोन मोल्सवर्थ ठळक आहेत. कोशवाले, आणि गिल्फर्ड मोल्सवर्थ, रॉचडेलच्या त्या पाद्र्याचा मुलगा, जो १८७१ पासून सरकारी रेल्वेचा सल्लागार अभियंता होता आणि ज्याचं सूत्रांचं खिशात मावणारं पुस्तक अभियंत्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी वापरलं. गिल्फर्डची शाखा उघड आहे, बाप आणि बापाचा पणजोबा दोन्ही माहीत. कोशवाल्याची शाखा तुम्हीच शोधून पाहा. कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून घेताना वयाचा पुरावा लागायचा, म्हणून १७८९ ते १८६० च्या कॅडेटांच्या अर्जांना बाप्तिस्म्याचे दाखले जोडलेले आहेत. ब्रिटिश लायब्ररीत एल/एमआयएल/९ या क्रमांकाखाली. त्या दाखल्यावर पॅरिशचं नाव असतं. ते घेऊन पाचव्या पायरीवर परत या.